सत्यप्रतीचा शिक्का

आमच्या कॉलेजला लोक वेटिंग रूम म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, माघारी काय म्हणत असतील ते त्यांनाच माहीत. पोरगी बारावी झाली, स्थळं यायला लागली, की मधल्या काळात तिला बसवायची कुठं, तर सणसरच्या आर्ट्सला. पोरगा आला तर भेटेल तो विचारायचा, "का रं, बारामतीत कुठंच नंबर लागला न्हाय व्हय?" बारामतीत इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी, काय म्हणाल ते आहे. आमच्याकडं सहा खोल्या, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, आणि एक ग्रंथालय. त्या ग्रंथालयात मी.

मी मनिषा. ग्रंथालय परिचर, म्हणजे पुस्तकं झाडणारी. चौदा वर्षं झाडली. यंदा संस्थेनं कला शाखा बंद केली, त्याजागी बीबीए आणि कॉम्प्युटर आणलं, आणि इतिहासाचे खलाटे सर त्याच सुमारास निवृत्त झाले. सत्काराला लोक आले, शाल दिली, नारळ दिला, "सर मनमिळाऊ होते" म्हणाले, जेवले आणि गेले. मनमिळाऊ कसले डोंबलाचे! हट्टी माणूस. नाव विजयसिंह, अंगानं काडी, आणि हट्ट असा की समोरच्याचा जीव मेटाकुटीला यावा. त्यांनी खरं काम काय केलं ते सत्कारात एकानंही सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. सांगायचाही कंटाळा आलाय, पण मी नाही सांगितलं तर कोण सांगणार?

आमच्या भागात लग्नपत्रिकेवर नावापुढं कंसात शिक्षण छापतात. मुलगा बी.ई. असला तर बी.ई., मुलगी बी.ए. असली तर बी.ए. आता पोरगी असते पहिल्या वर्षाला, फार तर दुसऱ्या. पण छापखान्यात बसलेला बाप काय "बी.ए. प्रथम वर्ष" छापतो होय? तो बी.ए. छापतो. पोरगी हळद लावून सासरी जाते, कॉलेज सुटतं, आणि कंसातलं बी.ए. तसंच राहतं. यात खोटं बोललो असं कुणालाच वाटत नाही. सगळेच छापतात.

खलाटे सरांना तेवढं एक सहन व्हायचं नाही. लग्नाला जायचे, जेवायचे, पत्रिका जपून आणायचे आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचे. मग वर्षभरात पोरीच्या सासरी जायचे. एकदा नाही, तीनदा. पहिल्या खेपेला नुसता चहा पिऊन ऊसपाण्याच्या गप्पा मारून यायचे. दुसऱ्या खेपेला खिशातून पत्रिका काढून सासऱ्यापुढं ठेवायचे. "आबा, हा छापील कागद आहे. आम्ही इतिहासवाले छापील कागदाला पुरावा मानतो. शंभर वर्षांनी कुणी हा बघितला, तर तुमची सून बी.ए. होती असं लिहून मोकळा होईल. त्या बिचाऱ्याला कशाला फसवायचं?" माणसं हसायची. हसता हसता अवघडायची. तिसऱ्या खेपेला सर परीक्षेचा फॉर्म घेऊनच जायचे.

पोरगी पास झाली की सर ऑफिसातून सत्यप्रतीचा शिक्का आणायचे. दाखल्याच्या झेरॉक्सवर मारतात ना, मूळ कागदाबरहुकूम आहे म्हणून, तोच. पत्रिकेवर कंसातल्या बी.ए.च्या शेजारी तो मारायचे, खाली सही, तारीख, आणि पत्रिका पोरीला परत द्यायचे. ऑफिसमधले त्यांच्या पाठीमागं खुणा करून हसायचे. बावीस वर्षांत अशा अडतीस पत्रिका परत गेल्या. काही सासरच्यांनी तीन खेपा होऊनही दाद दिली नाही. त्या पत्रिका नाडीनं बांधून कपाटातच राहिल्या.

त्या गठ्ठ्यात सगळ्यात खालची माझी. चि. सौ. कां. मनिषा (बी.ए.), साल दोन हजार चार. तिसऱ्या वर्षाचे पेपर तेवढे राहिले होते. वडगाव निंबाळकर माझं सासर. सर माझ्याकडं एकदा आले आणि परत काही फिरकले नाहीत. बाकीच्यांकडं तीनदा, माझ्याकडं एकदा. का, ते मी कधी विचारलं नाही. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन मी माहेरी सणसरला आले, तेव्हा सरांनीच संस्थेत शब्द टाकून मला इथं लावलं. मग विचारायला तोंड कुठं होतं? आणि माझी पेपर द्यायची मुदत तर कधीच संपली होती, अभ्यासक्रमही किती वेळा बदलला. पण दर दिवाळीला कपाट झाडताना तो गठ्ठा उचलून ठेवायची. खोटं कशाला सांगू, रागच यायचा.

आता प्राचीचं सांगते. शेवटच्या तुकडीत अकरा जण होते. दहा परीक्षेला बसणार हे नक्की. राहिली प्राची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिचं अंथुर्ण्याच्या सूरजशी लग्न झालं, पत्रिकेवर बी.ए. छापून. घर चांगलं, ऊस, डाळिंब, गोठ्यात सात गाई. सूरज मवाळ माणूस. घर चालायचं ते सासूच्या, गोजरबाईंच्या शब्दावर. प्राची त्यांना आत्या म्हणायची. इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारणारी ती एकटीच पोरगी होती, आणि आता शाखाच बंद होणार होती. नंतर बारामतीला जाऊन राहिलेले पेपर देता येतात म्हणा. पण ज्या सुनेला सणसरपर्यंत सोडत नाहीत तिला बारामतीला कोण सोडतं? ती आत्ता बसली नाही तर तिचीही पत्रिका त्या गठ्ठ्यात जाऊन पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पहिल्या खेपेला सर एकटेच जाऊन चहा पिऊन आले. दुसऱ्या खेपेला मला म्हणाले, "मनिषा, चल बरोबर. बाईमाणूस असलं की चुलीपर्यंत जाता येतं." त्यांच्या जुन्या स्प्लेंडरवर मागं बसून गेले. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली, कंबर मोडली नुसती. गोजरबाईंनी चहा दिला, पाणी दिलं. सरांनी पत्रिका पुढं ठेवली, पुराव्याचं ते नेहमीचं म्हणून दाखवलं. गोजरबाई काही हसल्या नाहीत.

"सर, छापलं ते तिच्या बापानं छापलं. त्याला जाऊन इचारा. आमाला बी.ए. घिऊन काय करायचंय? कारखान्याला ऊस घालायला बी.ए. लागतंय? गाईची धार काढायला लागतंय?"

सर म्हणाले, "नाही लागत."

असा संताप आला मला! अहो, काहीतरी बोला की. नोकरी लागते म्हणा, स्पर्धा परीक्षेला बसता येतं म्हणा. पण थाप मारायची नाही हा दुसरा हट्ट. त्यांनाच एकदा मी विचारलं होतं की सर, बी.ए.चा नक्की उपयोग काय. तर म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय, मलाही नीट सांगता येत नाही. पण अर्धं ठेवू नये एवढं कळतं." हे उत्तर घेऊन कोण पोरगी पाठवणार सांगा.

मी उठून आत गेले. प्राची भाकरी थापत होती. मी म्हटलं, "बाई, तुला बसायचंय का नाही ते एकदा सांग. उगं आम्ही खेटे घालतोय."

ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मॅडम, हितं माझं नावच बी.ए. पडलंय. भाकरी करपली की बी.ए.ची भाकरी. दूध उतू गेलं की बी.ए.नं घालवलं. आन् पाव्हणं आलं की आत्या सांगतात, आमची सून बी.ए. हाय. मी मान हलवती. रोज खोटी मान हलवती. मला एकदा खरी हलवायची हाय."

एवढं बोलण्यात तिचं बोट भाजलं. ती बोट तोंडात घालून उभी राहिली. मी बाहेर येऊन सरांना म्हटलं, फॉर्म इथंच ठेवा आणि चला.

फॉर्म काही दिवस तिथंच पडून राहिला. मग धाकट्या दिराचं, लखनचं, लग्न ठरलं. मुलगी वडगाव निंबाळकरची, राजलक्ष्मी नावाची, बी.फार्म. आणि तीही पास झालेली बी.फार्म., नुसती छापलेली नव्हे. गोजरबाईंना ते कुठंतरी लागलं. थोरली सून धाकटीपुढं उणी दिसायला नको. दोन दिवसांत सूरज फॉर्म भरून घेऊन आला, फोटो चिकटवून, सगळं करून. वर गोजरबाईंनी पुढची गंमत केली. लखनच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत थोरल्या सुनेचं नाव घातलं, सौ. प्राची सूरज, आणि पुढं कंसात बी.ए. सरांना पत्रिका आली तेव्हा ते बघतच राहिले.

"आता दुसऱ्यांदा छापलं गं यांनी," ते म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

प्राचीनं सगळे पेपर दिले. शेवटचा तेवढा राहिला, जगाच्या इतिहासाचा. आणि नेमका तोच पुढं ढकलला गेला, तो लखनच्या हळदीच्या दिवशी आला. दुपारी दोन ते साडेचार. एवढे दिवस सोडून हाच दिवस मिळाला! सूरजनं फोन केला, "सर, आई न्हाय म्हंती. घरात हळद असताना थोरली सून भाईर कशी जाईल? लोकं काय म्हंतील?" म्हणजे एका पेपरासाठी सगळं वाया जाणार.

सर म्हणाले, "मनिषा, तिसरी खेप राहिलीय." हळदीच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही अंथुर्ण्यात. मांडवात बेंजो चालू, बाया जात्यावर हळद दळतायत. मी मांडवाबाहेर लिंबाखालीच थांबले. हळदीला मला कुणी "या" म्हणणार नव्हतं, मलाही ते ठाऊक होतं. सर माझ्याजवळच, मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसले. प्राची लखनला हळद लावत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं सरांना बघितलं आणि मान खाली घातली.

गोजरबाई तरातरा आल्या. "सर, आज तरी सोडा की आमाला! आज कशाला आलाय?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. फार थकलेले दिसले. म्हणाले, "मी तिसऱ्यांदा आलोय, गोजरबाई. चौथ्यांदा येता येणार नाही. कॉलेजच राहणार नाही. तुम्ही नाही म्हणाला तर जेवून जाईन, हळदीचं बोलावणं आहे मला."

गोजरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चारचौघी बघत होत्या म्हणून आवाज चढवून म्हणाल्या, "हळदीच्या दिवशी आमची सून कुठंबी जायाची न्हाय!" आणि सगळ्यांना ऐकू गेलंय याची खात्री करून सरांच्या जवळ वाकल्या. मी लिंबाखालून ऐकत होते.

"उष्टी हळद घिऊन जीप वडगावला जाती. तुमच्या कॉलेजावरनंच जाती न्हवं?"

नवऱ्याला लावून उरलेली हळद त्याच दिवशी नवरीकडं न्यायची असते, तीच तिला लावतात. ती उष्टी हळद. न्यायला थोरली सून लागतेच. आणि अंथुर्ण्याहून वडगावला जायचं म्हणजे सणसरवरूनच रस्ता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांच्या नाही पडला, ते बघत राहिले. मीच पुढं होऊन म्हटलं, "व्हय आत्या, दारावरनंच जाती!"

दीडच्या सुमाराला जीप कॉलेजच्या फाटकात थांबली. सात बाया, हळदीचं ताट, डोक्यावर पदर घेतलेली प्राची. ती उतरली, जीप पुढं गेली. वडगावला कुणी विचारलं तर थोरलीचं पोट दुखतंय म्हणून सणसरला दवाखान्यात थांबली, असं सांगायचं ठरलं होतं. माझ्याच सासरच्या गावात ही थाप, आणि माझ्या मनात आलं की ही युगत माझ्या वेळी मला कुणी का नाही सुचवली.

पुढं आणखी घोळ. तिचे हात पिवळे जर्द. सर म्हणाले, "उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण चालत नाही. ओळख पटवायला केली असं म्हणतील." मी तिला नळावर नेलं, कपड्याचा साबण लावून चोळलं, तर पिवळ्याचं लाल झालं. हळदीला साबण लावू नये हे मला इतक्या वर्षांत कळू नये! ती रडकुंडीला आली. मी ओरडले तिच्यावर, "रडू नकोस, आधी पुस." शेवटी लाल झालेले हात पदरानं कोरडे केले. सरांनी ग्रंथालयातलं वर्तमानपत्र आणून घडी करून तिच्या हाताखाली ठेवलं. अडीच तास ती त्या वर्तमानपत्रावर हात ठेवून लिहीत होती. हिरव्या साडीत, कपाळाला हळद, आणि बाकीची दहा पोरं मान वर करकरून तिच्याकडं बघतायत. पाचला जीप आली, ती बसली, गेली. वर्तमानपत्रावर लालपिवळा पंजा उमटला होता. सरांनी ते घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

निकाल जूनमध्ये लागला. प्राची पास, द्वितीय श्रेणी. सर तोवर निवृत्त झाले होते, तरी शिक्का मागायला ऑफिसात आले. नवा क्लार्क म्हणाला, "सर, आता तुम्हाला सही करता येत नाही." बरोबरच होतं त्याचं. प्राचार्यांनी सही केली. आम्ही प्राचीच्या लग्नाची ती पत्रिका घेऊन अंथुर्ण्याला गेलो. गोजरबाईंनी ती आधी आपल्या हातात घेतली, शिक्का उन्हात धरून बघितला आणि राजलक्ष्मीला दाखवला. "बघ गं, थोरली बी.ए. हाय." सगळ्यांनी प्राचीकडं बघितलं. प्राचीनं मान हलवली.

परत सणसरला आलो. ग्रंथालयात आम्ही दोघं बसलो. पुस्तकं पोत्यांत भरून दोऱ्यांनी बांधलेली, रॅक रिकामे. सरांनी पिशवीतून तो गठ्ठा काढला, नाडी सोडली, सगळ्यात खालची पत्रिका काढून माझ्यापुढं ठेवली.

"तुझ्याकडं मी एकदाच आलो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. मोजता येतं."

"तुझ्या सासऱ्यांनी अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं. साधं चहाचंसुद्धा विचारलं नाही. मी तेव्हा ताठ होतो. उठलो आणि आलो. म्हटलं, पुन्हा ही पायरी चढायची नाही. मग तू परीक्षेला आली नाहीस. तेव्हा ठरवलं, पुढच्या प्रत्येकीकडं तीनदा जायचं. चहा मिळो, न मिळो."

माझा मग एकदम भडका उडाला.

"सर, चहा ठेवला होता! मी ठेवला होता. घरात दूध नव्हतं, मागच्या दारानं जाऊन शेजारून मागून आणलं. कप घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. परत याल म्हणून परीक्षेच्या दिवसापर्यंत पुस्तकं पिशवीत भरून ठेवली होती मी. आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? बावीस वर्षांनी?"

सर खाली बघून नाडी बोटाला गुंडाळत राहिले. प्राची धरून एकोणचाळीस पोरी बी.ए. झाल्या, त्या माझ्या त्या एका कपापायी. त्याचं बरं वाटून घ्यावं का त्यांच्या अंगावर ओरडावं, मला कळेना. भांडायचं त्राणही उरलं नव्हतं. आमच्या दोघांच्याही अंगात ते उरलं नव्हतं.

मी पत्रिका उचलून पर्समध्ये ठेवली. ग्रंथालयात चहा करायला बंदी असायची, पण आता ग्रंथालयच कुठं राहिलं होतं? पोत्यांमागची शेगडी काढली, पातेलं ठेवलं, दूध घातलं. सर बसून राहिले. चहा होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.